ईजीआरला प्लेट मारू का?

प्रश्न: सर, नमस्कार. मी साताऱ्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे 2017 ची 1.3 लिटरची डिझेल सेडान आहे, बीएस 4, 1 लाख 28 हजार किलोमीटर चाललेली. यजमान रोज ती घेऊन शिरवळच्या कंपनीत जायचे, तेव्हा गाडीनं कधी त्रास दिला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली नाशिकला झाली, तेव्हापासून गाडी मी चालवते. घर ते शाळा चार किलोमीटर, येताना मंडईत एक थांबा, बस्स. दिवाळीपासून चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. पिकअप गेलाय, काळा धूर येतो. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढावा लागला. शोरूमनं ईजीआर व्हॉल्व्ह बदलून मॅनिफोल्ड साफ करण्याचा 34 हजारांचा अंदाज दिलाय. ओळखीचे मेस्त्री म्हणतात, 1,500 रुपयांत प्लेट मारून ईजीआर बंद करतो, कटकट कायमची मिटेल. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, अर्धवट काम नको. 14 हजारांत रीमॅप करून डिलीटच करा, गाडी पळायला लागेल." मला गाडीतलं फारसं कळत नाही, पण फसायचंही नाही. काय करू?

उत्तर: ताई, प्लेट मारू नका, रीमॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं, तेही करू नका आणि ते 34 हजारही एवढ्यात मोजू नका. गाडीतलं कळत नाही म्हणता, पण तुमच्या पत्रात शिरवळ आणि खंबाटकी अशी दोन नावं आली आहेत आणि निम्मं निदान त्यातच आहे.

आधी शिरवळ. यजमान चालवत होते तेव्हा इंजिन रोज तासभर तरी पूर्ण गरम अवस्थेत, बऱ्या वेगात चालत होतं. आता तेच इंजिन चार किलोमीटर चालतं, म्हणजे धड गरम होण्याआधीच बंद होतं. गाडी बिघडलेली नाही, तिचा दिनक्रम बदललाय. आणि हा बदल सगळ्यात आधी ज्या भागाला जाणवतो, तो हा ईजीआर.

हा भाग करतो काय? इंजिनातून बाहेर निघालेल्या धुरातला थोडा हिस्सा तो परत आत, येणाऱ्या ताज्या हवेत सोडतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये तापमान साधारण 1,500 अंशांच्या पुढे गेलं की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. गाडीवाल्यांच्या भाषेत त्यांना नॉक्स म्हणतात. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त. निखाऱ्यावर राख सारली की आच मंदावते, तसा हा धूर आतली आच खाली आणतो. किती धूर घ्यायचा हे गाडीचा कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवतो, व्हॉल्व्ह त्याच्या हुकमानं उघडतो आणि मिटतो.

कल्पना उत्तम, पण डिझेलच्या धुरात काजळी असते. त्यात इंजिन ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून त्याच हवेच्या वाटेवर येते. तेल आणि काजळी एकत्र आली की व्हॉल्व्हवर आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, आत काळा चिकट थर बसतो. गरम, वेगानं चालणाऱ्या इंजिनात तो सावकाश वाढतो. थंड इंजिनावर गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीत भराभर वाढतो. एक दिवस व्हॉल्व्ह नीट मिटेनासा होतो.

आता खंबाटकी. हा मुद्दा मेस्त्रींनाही वाचून दाखवा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर ईजीआर मिटवून टाकतो, कारण त्या वेळी इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते. ईजीआरचं काम चालतं ते गाडी आयडलवर, म्हणजे उभी राहून इंजिन नुसतं चालू, असताना आणि हलक्या पायानं चालवताना. म्हणजे व्हॉल्व्ह धडधाकट असेल तर घाट चढताना ईजीआर असून नसल्यासारखाच. तरीही तुमची गाडी घाटात मेली. याचा अर्थ एकतर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय आणि पूर्ण दाबल्यावरही धूर आत येतोय, नाहीतर दोष ईजीआरमध्ये नाहीच.

ही दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. हवा दाबणाऱ्या टर्बोकडून ती थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होस या वयात तडकतात. होसला चीर गेली की टर्बोनं दाबलेली हवा बाहेर निसटते, पिकअप जातो, काळा धूर येतो. म्हणजे तुमच्या तक्रारीतली शब्दन्‌शब्द तीच लक्षणं. जोर दिल्यावर बॉनेटखालून फुस्स असा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, ते कुणाला तरी शेजारी बसवून ऐका. होसच्या जोडापाशी तेलाचा ओला डाग दिसला तरी संशय घ्या. एअर फिल्टर चोंदणं आणि येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळणं, यांनीही असंच होतं. निर्दोष ईजीआर काढून फेकले गेले आणि गाडी तशीच राहिली, मग कुणीतरी होस पाहिला, असे प्रकार गॅरेजांत नवे नाहीत.

म्हणून पहिला खर्च फक्त स्कॅनरचा. शोरूमच्या अंदाजपत्रकावर दोषाचा कोड लिहिलाय का बघा. पी 0401 म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी पडतोय. पी 0402 म्हणजे जास्त होतोय. पी 0403 म्हणजे विजेच्या जोडणीत गडबड, तिथे साफसफाईचा काही उपयोग नाही. पण नुसत्या कोडवर थांबू नका. इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटा बघायला सांगा. कॉम्प्युटरनं व्हॉल्व्ह किती उघडायला सांगितला आणि तो खरोखर किती उघडला, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. मिट म्हटल्यावर व्हॉल्व्ह मिटत नसेल तर दोष पकडला गेला. दोन्ही आकडे जुळत असतील तर होस, फिल्टर, मॅफ आणि मग टर्बो, या क्रमानं बघत जा.

मेस्त्रींबद्दल वाईट बोलणार नाही. त्यांचा अनुभव खोटा नाही: प्लेट मारली की गाडी खरंच सुधारते, गिऱ्हाईक खूश होतं, परत येत नाही. पण तुलना कशाशी होतेय ते बघा. अडकलेल्या ईजीआरशी. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह प्लेटनं बंद केला तर पिकअप येणारच. तोच व्हॉल्व्ह साफ करून नीट मिटायला लागला, तरी तेवढाच पिकअप येतो. दीर म्हणतात तसं "पळायला लागणं" हे डिलीटचं श्रेय नाही, अडथळा दूर झाल्याचं आहे.

ईजीआर बंद केला तर इंजिन जळेल, व्हॉल्व्ह वितळतील, अशी भीती घालणारेही भेटतील. ती मी घालणार नाही. प्लेट मारलेल्या गाड्या लाखभर किलोमीटर बिनबोभाट चालतात, आणि त्यांचं मॅनिफोल्ड आतून तुमच्यापेक्षा स्वच्छ राहतं, हेही खरं. पण इंधन कधी आणि किती फवारायचं याची कॉम्प्युटरमधली सगळी गणितं ईजीआर आहे असं धरून बसवलेली असतात. तो नसला की हलक्या पायावर इंजिनाचा खडखडाट वाढतो. मोजलेली हवा अपेक्षेपेक्षा जास्त भरते, कॉम्प्युटर पी 0401 नोंदवतो आणि चेक इंजिनचा दिवा कायमचा लागून राहतो. काही गाड्या तर लिम्प मोडमध्ये जातात, म्हणजे ताकद मुद्दाम आवळून धरतात. यावर गॅरेजांत एक युक्ती चालते: प्लेटला मध्ये छोटं छिद्र पाडायचं, थोडा धूर जाऊ द्यायचा, म्हणजे कॉम्प्युटर फसतो. कधी फसतो, कधी नाही.

रीमॅपवाला हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवतो. तो कॉम्प्युटरमधून ईजीआरच पुसतो आणि त्याचे कोडही गप्प करतो. फाइल कुणी लिहिली, कुठल्या गाडीवर तपासली, आणखी काय काय बंद केलं, हे तुम्हाला कळायची सोय नाही. उद्या दुसराच खरा दोष आला तर दिवा लागेल की नाही, तेही सांगता येत नाही. शिवाय "आलाच आहात तर थोडी पॉवरपण वाढवून देतो" हे वाक्य तिथे हमखास येतं. 1 लाख 28 हजार किलोमीटर झालेल्या क्लच आणि टर्बोला ही मेहेरबानी झेपेलच असं नाही.

आता पीयूसीचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण दीर नक्की म्हणतील, "पीयूसी तर पास होते!" होते, आणि कदाचित आधीपेक्षा चांगली होते. कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात. बीएस 4 गाडीला त्याची मर्यादा 50 हार्ट्रिज युनिट. नॉक्स त्यात मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी कमी होते आणि नॉक्स वाढतो, म्हणजे मशीनला जे दिसतं ते घटतं आणि जे दिसत नाही ते वाढतं. तुमची गाडी जेव्हा मंजूर झाली तेव्हा बीएस 4 डिझेल कारला किलोमीटरमागे 0.25 ग्रॅम नॉक्सची मर्यादा होती. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 मध्ये ती 0.08 वर आली. पीयूसीच्या टपरीवर यातलं काही तपासलं जात नाही. पकडले जाल असं म्हणून मी तुम्हाला अडवू शकत नाही, बहुतेक पकडल्या जाणारही नाही.

अडवतो ते वेगळ्या कारणानं. ईजीआर सगळ्यात जास्त काम करतो तो आयडलवर आणि सावकाश चालताना, म्हणजे शाळेच्या फाटकापाशी आणि मंडईत. नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला झोंबतो, दम्याच्या मुलांचा त्रास वाढवतो. उन्हात त्यातूनच जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मार्गदर्शक पातळी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली. आपल्याकडे मर्यादा अजून 40 आहे. हायवेवर दिवसभर पळणाऱ्या गाडीचा ईजीआर बंद असणं आणि शाळेसमोर रोज थांबणाऱ्या गाडीचा बंद असणं, यात म्हणूनच फरक आहे, आणि तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे.

2015 मधलं फोक्सवॅगनचं प्रकरण आठवत असेल. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरायचं आणि रस्त्यावर आल्यावर ईजीआरसारखी यंत्रणा सैल सोडायची, असं सॉफ्टवेअर त्यांच्या डिझेल गाड्यांत सापडलं. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेनं तपासणी केली, कंपनीनं 3 लाख 23 हजारांवर गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं, आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं 500 कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. जे केलं म्हणून एवढं रामायण झालं, त्याच्याही पुढची पायरी दीर तुम्हाला 14 हजार भरून गाठायला सांगताहेत.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. कलम 182अ (4) नुसार असा प्रत्येक बदल मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, इथवर नेऊ शकतो. प्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास कलम 190 (2) वेगळं आहे: 10,000 पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचं निमित्त होतो, तो भाग निराळा.

मग करायचं काय? स्कॅनरनं व्हॉल्व्हवरच बोट ठेवलं तर तुमच्याच मेस्त्रींना तो उतरवून साफ करायला सांगा. काम अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे आणि चिडचिड होईल इतकं काळं आहे. कार्ब क्लीनर किंवा ईजीआर क्लीनरचा स्प्रे, मऊ ब्रश, प्लॅस्टिकची खरवडणी, बास. व्हॉल्व्हची इलेक्ट्रिक मोटरची बाजू द्रवात बुडवू द्यायची नाही, घाईत ते हमखास होतं आणि मग नवा व्हॉल्व्ह घ्यावाच लागतो. पेट्रोलनं धुणं गरम इंजिनाशेजारी नकोच. जोडताना गॅस्केट नवीच. जुनीच लावली तर तिथून धूर फुटतो आणि आठवड्यात परत गॅरेजची वाट. शेवटी स्कॅनरवर ईजीआरचं लर्निंग रीसेट करून घ्या, नाहीतर कॉम्प्युटर जुन्या अडकलेल्या स्थितीचाच हिशेब धरून बसतो.

व्हॉल्व्ह उतरवल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडात बॅटरी मारून बघायला लावा. थर पातळ असेल तर राहू द्या. वाट निम्मी बुजली असेल तर मॅनिफोल्ड खोलूनच साफ करायचं. "चालू इंजिनात स्प्रे मारतो, सगळं जळून जाईल" हे मान्य करू नका. कडक झालेला तुकडा सुटून सिलिंडरमध्ये जाऊ शकतो, आणि जास्त स्प्रे गेला तर डिझेल इंजिन तोच इंधन म्हणून जाळत बेफाम फिरू शकतं.

व्हॉल्व्हची दांडी हातानं हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा मोटर मेली असेल, तर नवा घ्या, तिथे शोरूम बरोबर ठरेल. जुन्या बाजारातला घेऊ नका, त्याच्यात दुसऱ्याची काजळी आधीच भरलेली असते.

कूलंटवर मात्र नजर ठेवा. परत येणारा धूर थंड करायला बहुतेक गाड्यांत ईजीआर कूलर असतो आणि त्यातून कूलंट फिरतं. कुठे गळती दिसत नाही आणि टाकीतली पातळी मात्र उतरतेय, सकाळी पांढरा धूर येतोय, असं असेल तर कूलर फुटल्याची शंका घ्या आणि ते काम पुढे ढकलू नका. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटू लागल्या, त्याच्या मुळाशी गळके ईजीआर कूलर निघाले आणि लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

साफसफाई झाली तरी कारण तसंच राहिलं तर दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा लिहाल. डिपस्टिक काढून ऑइल बघा. वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर जादा ऑइल काढून टाका, कारण जास्त ऑइल म्हणजे ब्रीदरमधून जास्त वाफ. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच वापरा. एअर फिल्टर वेळेवर बदला. सकाळी गाडी चालू करून अंगणात दहा मिनिटं गरम करत ठेवायची सवय असेल तर ती मोडा. आयडलवर इंजिन तापत नाही, काजळी मात्र धरतं. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर जोर देऊ नका. मंडई, बँक, शाळा वेगवेगळ्या फेऱ्यांत नको, एकाच फेरीत जमवा. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं जा, इंजिन गरम झाल्यावर एक गिअर खाली ठेवून 2,500 च्या आसपास आरपीएमवर चालवा. बसलेला थर यानं निघत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. नवा थर सावकाश बसतो, एवढाच फायदा. आणि खरं विचाराल तर रोज आठ किलोमीटरला डिझेल गाडी ही चुकीचीच निवड आहे. ही विकायची वेळ येईल तेव्हा पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक घ्या. मात्र यजमान परत शिरवळला येणार असतील तर विकू नका, ही इंजिनं अशा रस्त्यावर फार काळ टिकतात.

बीएस 6 डिझेलवाल्यांचीही अशीच पत्रं येतात, त्यांना एवढंच: तुमच्या गाडीत ईजीआर एकटा नाही, त्याच्यामागे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे आणि काही गाड्यांत नॉक्स कमी करणारं ॲडब्लू हे द्रव फवारणारी यंत्रणाही. ईजीआर उघडा अडकला की वाढलेल्या काजळीनं डीपीएफ लवकर भरतो, आणि ईजीआर बंद केला तर वाढीव नॉक्सचा सगळा भार मागच्या यंत्रणेवर पडतो. तुम्ही प्लेटचा विचारही करू नका.

ताई, मेस्त्रींना सांगा की प्लेटऐवजी साफसफाईचे पैसे देते, पण आधी होस दाखवा आणि स्कॅनर लावा. चांगला मेस्त्री याला हरकत घेणार नाही. साफ केल्यानंतर महिनाभरात पी 0401 किंवा 0402 परत आला, तर स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मला पाठवा, इंजिन गरम असताना काढलेला आणि मागितलेला व प्रत्यक्षातला असे दोन्ही आकडे दिसतील असा. शोरूमचं अंदाजपत्रक तोवर जपून ठेवा, फाडू नका.